मदत आणायला गेलेला माणूस

स्नोमोबाइल क्लबचं वार्षिक जेवण फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी दुपारी असतं. हार्लन क्रीकमध्ये ज्याच्याकडे बर्फावर पळणारी ती मशीन आहे तो झाडून येतो, आणि ज्याच्याकडे नाही तोही येतो, कारण पिरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, पोटभर मिळतात. यंदा गर्दी जरा जास्तच होती. ग्रेडी टॉल्मीचा सत्कार होता.

लारिसा फेडोरुक दाराजवळच्या टेबलाशी बसली होती. खुर्चीला पाठ टेकवली की डाव्या बाजूच्या दोन बरगड्या ठणकत, म्हणून ती ताठ बसली होती. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, बाई अभिमानाने बसलीय. ग्रेडी तिच्या थोरल्या बहिणीचा, ओक्सानाचा नवरा. जानेवारीत केटल खोऱ्यात बर्फ सुटलं, लारिसा त्याखाली गाडली गेली, आणि ग्रेडीने गावाकडे मशीन पळवून हेलिकॉप्टर बोलावलं. गावाला माहीत होतं ते एवढंच, आणि लारिसानेही त्यात आपलं काही घातलं नव्हतं.

क्लबच्या अध्यक्षीणबाईंनी ग्रेडीच्या अंगावर नारिंगी जाकीट चढवलं. पाठीवर त्याचं नाव भरलेलं होतं.

"बोल रे!" मागून कोणीतरी ओरडलं. "एरवी तर तोंड बंद होत नाही तुझं!"

ग्रेडी खाली बघून हसला. मोठा, देखणा माणूस. लाजला की आणखी देखणा दिसे. "मी काय केलं? कोणीही केलं असतं तेच. बर्फ थांबल्याबरोबर बीकन शोधावर टाकलं. दहा मिनिटं सगळा ढिगारा पालथा घातला. एक बीप नाही. वरून खाली, खालून वर. नुसती शांतता. मग म्हटलं, इथे हात चोळत बसण्यापेक्षा मदत आणावी."

टाळ्या पडल्या. लारिसाचा काटा पिरोगीत रुतून तसाच राहिला.

"लारिसा!" पलीकडच्या टेबलावरून कर्ट ओरडला. लाकडाच्या गिरणीत तो तिच्या शेजारच्या यंत्रावर असे. "पुढच्या वेळी बॅटरी टाक गं! नसली तर सांग, माझ्या टीव्हीच्या रिमोटमधली काढून देतो!"

सगळे हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं. एखाद्याची चूक सगळ्यांना आधीपासून माहीत असते आणि सगळ्यांनी ती पोटात घातलेली असते, तेव्हा माणसं तशी हसतात.

तिने पुढच्या टेबलाकडे पाहिलं. ओक्साना धाकट्या पोराच्या ताटातला सॉसेज कापत होती. तिने मान वर केली नाही.

एखाद्याच्या बीकनचा आवाज न येणं म्हणजे काय, हे त्या हॉलमधल्या लहान पोरालाही कळत होतं. मुठीएवढं ते यंत्र प्रत्येक जण छातीवर, कपड्यांच्या आत बांधतो. ते साधारण सेकंदाला एक ठोका पाठवतं. कोणी गाडलं गेलं की बाकीचे आपापली यंत्रं शोधावर टाकतात, ठोका पकडतात, दिशा आणि अंतर वाचत जवळ जातात. चाळीसेक मीटरच्या आत आलं की हमखास सापडतं. जो बीकन बंद ठेवून वर येतो तो स्वतः तर मरतोच, आणि जोडीदारांना लटकत्या उतारांखाली आंधळेपणाने खणायला लावतो. अशा माणसाबरोबर कोणी जात नाही. भांडण होत नाही, कोणी तोंडावर बोलत नाही. फोन येणं बंद होतं, एवढंच.

लारिसाला येणारे फोन बंद झाले होते. तिला वाटलं होतं, बरगड्यांमुळे.

·

जानेवारीतल्या त्या दिवशी सकाळी वाटेच्या तोंडाशी नेहमीसारखं फाटक झालं होतं. तिथे खरं फाटक नाही. पार्किंग संपून जंगलातली वाट सुरू होते तिथे नेल्स ऑस्ट्रँडर हातात बीकन घेऊन उभा राहतो, आणि प्रत्येकाने त्याच्यासमोरून एकेक करून जायचं. त्याच्या यंत्रावर तुमचा ठोका उमटला, पाठीवर फावडं आणि शोधकाठी दिसली, की तो अंगठा दाखवतो. एवढं सगळीकडेच करतात. हार्लन क्रीकमध्ये आणखी एक गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी एकाच हिवाळ्यात तिघं गेले, तेव्हापासून नेल्स प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो: "तुला कोण काढणार?" तुम्ही आपल्या टोळीतल्या एकाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं त्याने हात वर करायचा. नाव नाही, हात नाही, तर वर जायचं नाही. नवखे आधी हसतात. दुसऱ्या खेपेला हसत नाहीत.

"तुला कोण काढणार?"

"ग्रेडी," लारिसा म्हणाली होती.

ग्रेडीने हात वर केला होता. वर आणि म्हणाला होता, "काढीन. पण खाली उतरल्यावर बिअर तिची!"

डिसेंबर संपताना निरभ्र, कडक थंडीच्या रात्री लागल्या होत्या. अशा रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर गोठलेल्या दवाची पिसं उगवतात. पारदर्शक, बोटाच्या पेराएवढी, पात्यांसारखी उभी. फुंकर मारली तर पडतात. मग त्यांच्यावर हलकेच बर्फ पडलं, पुन्हा पडलं, आणि पिसं मोडली नाहीत. अर्ध्या मीटरच्या ओझ्याखाली तशीच उभी राहिली. वरचा थर घट्ट बसला. दिसायला तो उतार शांत होता, आणि मधोमध एक पोकळ मजला घेऊन उभा होता. लारिसाला हे माहीत होतं. तिने मंगळवारीच खड्डा खणून त्या पिसांचा राखाडी थर पाहिला होता, म्हणून त्या दिवशी दोघं मुद्दाम सौम्य उतारावर राहिले. केटलची ती बाजू त्यांना सौम्य वाटली. ती तशी नव्हती.

एकाने वर जायचं. दुसऱ्याने खाली, बाजूला, मशीनचं तोंड बाहेर करून थांबायचं आणि उतारावरून नजर काढायची नाही. लारिसा वर गेली. वळली. वळताना मशीनखाली काहीतरी बसकन मारल्यासारखं झालं. आवाजही तसाच, एखाद्या जाडजूड माणसाने गादीवर अंग टाकावं तसा. मग तिच्या वर, उतारावर, भेगेची एक रेघ उमटली.

पाठीवरच्या पिशवीत माणसाला बर्फाच्या वर ठेवणारा फुगा असतो; तो फुगवायची मूठ तिने शोधली. मूठ सापडेपर्यंत हात बर्फाने धरला होता.

थांबल्यावर सगळं एका क्षणात आवळलं. बर्फ वाहतं तेव्हा पाण्यासारखं असतं, थांबतं तेव्हा सिमेंटसारखं. हेल्मेटच्या पुढच्या भागात थोडी हवा होती. बोट हलत नव्हतं. आणि छातीवर, बीकनच्या शेजारी, रेडिओ खरखरला.

"लारिसा? लारिसा, ऐकतेस का?" ग्रेडीचा आवाज. दम लागलेला. "मी... मी मदत आणायला जातोय. दम धर. जातोय मी."

रेडिओचं बटण तिच्या बोटांपासून दोन इंचांवर होतं.

बर्फाखालून आवाज वर जात नाही, पण वरचा खाली येतो. तिने इंजिन सुरू झालेलं ऐकलं. त्याने वेग घेतलेला ऐकला. मग तो आवाज बारीक होत गेला. गाडलेल्या माणसाजवळ पंधरा मिनिटं असतात, नशीब चांगलं असलं तर वीस, आणि गावातून मदत यायला तास लागतो. ती पंधरा मिनिटं जोडीदाराची. गावातून येतात ते प्रेत घेऊन जायला येतात. हे तिला ग्रेडीनेच शिकवलं होतं, त्याच्या गॅरेजमध्ये, ती सतरा वर्षांची असताना.

तो निरोप आणखी एकाने ऐकला. शेजारच्या डोंगरधारेवर नेल्स होता, अल्बर्टाहून आलेल्या दोघा भावांना फिरवत. 'मदत आणायला जातोय' हे शब्द त्याच वाहिनीवर त्याच्या कानी पडले, आणि तो कोणालाही काही न विचारता केटलकडे वळला. त्याच्या बीकनने लारिसाचा ठोका पकडला. पोरांनी खणलं. तिला बाहेर काढलं तेव्हा ओठ निळे होते, पण श्वास चालू होता. हेलिकॉप्टर त्यानंतर बऱ्याच वेळाने आलं. दोघे भाऊ अल्बर्टाला परतले, आणि नेल्स गावात यावर काही बोलला नाही.

हॉस्पिटलात ग्रेडी तिच्या पलंगाशी गुडघ्यांवर बसून रडला होता. "मला काही सुचलंच नाही गं. उपग्रहावरून निरोप धाडायचं यंत्र तुझ्या पिशवीत, तुझ्याबरोबर खाली. माझी मतीच गेली." लारिसाने त्याच्या केसांतून हात फिरवला होता. माणसाची मती जाते. तिने मनातल्या मनात त्याला तिथेच मोकळं केलं होतं.

मात्र मती गेलेला माणूस दहा मिनिटं ढिगारा पालथा घालत नाही.

·

हॉलमधून घरी आल्यावर ती स्वतःशीच वाद घालत बसली. बर्फाखाली वेळेचा हिशेब कोणाला राहतो? मेंदूला हवा कमी पडली की एक मिनिट दहांसारखं वाटतं. कदाचित दहा एकासारखीही वाटत असतील. त्याने शोधलं असेल, मग रेडिओवर बोलला असेल. मधला काळ तिच्यातून गळून गेला असेल. तिला ग्रेडीवर अन्याय करायचा नव्हता. पण ठोका? तिचा ठोका नेल्सला मिळाला होता. मग ग्रेडीला का नाही?

सोमवारी काम सुटल्यावर ती नेल्सच्या गॅरेजवर गेली. तो एका मशीनचा रबरी पट्टा उतरवून बसला होता.

"तो पाना दे," तो म्हणाला. "तो नाही. त्याच्या शेजारचा. गिरणीत हेच शिकवतात का?"

"नेल्स, तू केटलला पोचलास तेव्हा ढिगारा कसा दिसत होता?"

नेल्सचे हात थांबले. पण त्याने वर पाहिलं नाही. "ढिगाऱ्यासारखा."

"मला नीट सांग."

त्याने पाना खाली ठेवला. "नांगरलेल्या शेतासारखा. सगळी ढेकळं. दोन हॉकीची मैदानं मावतील एवढा पसारा." तो थांबला. "त्यावर पाऊल नव्हतं, लारिसा. बुटाचं नाही, मशीनचं नाही. ग्रेडीचा माग कडेपर्यंत आला होता, तिथे एक वळण, आणि सरळ बाहेर. ढिगाऱ्यावर पहिलं पाऊल मी टाकलं. पुढे हेलिकॉप्टरच्या पंख्याने सगळं पुसून टाकलं, पण मी पाहिलंय."

बाहेर रस्त्यावरून बर्फ ढकलणारा ट्रक गेला. गॅरेजचं दार थरथरलं.

"तुला आठवडे झाले हे माहीत होऊन."

"वर डाव्या हाताला थराचा एक तुकडा अजून लटकत होता," नेल्स म्हणाला. "मलाही दिसला. तो कधीही आला असता. मी थोरल्या पोराला म्हटलं, तू फक्त वर बघत राहा, ओरडलास की आम्ही पळू. मीही घाबरलो होतो. घाबरणं मला समजतं गं. तो म्हणाला असता की मी घाबरलो, तर मी स्वतः त्याला बिअर पाजली असती. पण काल 'एक बीप नाही' म्हणाला, तेव्हा मी ताट टाकून उठलो."

"उठलास. बोलला नाहीस."

"नाही बोललो."

"का?"

"तुझ्या बहिणीची पोरं समोर बसली होती." त्याने पुन्हा पाना उचलला. "आणि मला वाटलं, हे तुझं आहे. तू सांगशील."

"सगळ्यांना वाटतंय माझं बीकन बंद होतं."

"हो," नेल्स म्हणाला. "तसंच वाटतंय."

·

बुधवारी ती ओक्सानाकडे गेली. मुलं शाळेत होती. स्वयंपाकघरात बीटाच्या सुपाचा वास होता, आणि खुर्चीच्या पाठीवर एक नवाकोरा निळा सूट टांगला होता. स्नोमोबाइलवर घालतात तसा. टेबलावर नवं बीकन, अजून खोक्यातच.

"हे कोणाचं?"

"माझं!" ओक्साना हसली. "बारा वर्षं ऐकतेय नुसतं, वर असं असतं नि वर तसं असतं. या शनिवारी जाणार मी. ग्रेडी नेतोय. बस ना, सूप घे. किती वाळलीयस. गिरणीत खायला देत नाहीत का लाकडाचा भुसाच देतात?"

लारिसा बसली नाही. तिने सगळं उभ्यानेच सांगितलं. रेडिओ, इंजिन, नेल्स, ढिगाऱ्यावर नसलेलं पाऊल. सांगताना तिला बहिणीची कीव येत होती. आपण हिच्या घरातली एक भिंत पाडतोय असं वाटत होतं. ओक्साना सूप ढवळत होती. ढवळणं थांबलं नाही, मंदही झालं नाही.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"तो ढिगाऱ्यावर उतरलाच नाही ते. त्याच दिवशी सांगितलं त्याने मला, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये. वर काहीतरी लटकत होतं. त्याला पोरं दिसली डोळ्यांसमोर. रडत होता, लारू."

"माझ्यासमोरही रडला. हे मात्र नाही सांगितलं."

"मी म्हटलं नको सांगूस."

लारिसाने खुर्चीची पाठ धरली. निळ्या सुटाचं कापड हाताखाली सुळसुळलं.

"मग हॉलमध्ये दहा मिनिटं कुठून आली?"

ओक्सानाने गॅस बंद केला. "लोक विचारणारच होते, त्याने काय केलं. काहीतरी सांगायला हवं होतं. तो पाच म्हणत होता. पाच फार कमी वाटतात. मी म्हटलं दहा म्हण."

भांड्यातलं सूप अजून थोडं उकळत होतं, मग तेही थांबलं.

"माझं बीकन चालू होतं, ओक्सा."

"माहितीये."

"गावाला वाटतं बंद होतं."

"गाव काय, उन्हाळ्यापर्यंत विसरेल. लारू, इकडे बघ. तो ढिगाऱ्यावर उतरला असता आणि ते लटकणारं सुटलं असतं तर? मी दोघांना पुरलं असतं. मला तूही हवी होतीस आणि पोरांचा बापही हवा होता. दोघं मिळाले मला. त्यापायी तुझ्यावर चार जण हसले तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "तो रस्त्यावरचं बर्फ ढकलायचा ट्रक चालवतो. सगळं गाव त्याला हात करतं. पोरं त्याच गावात शाळेत जातात. भेकडाची पोरं म्हणून जाऊ देत का?"

पोरांवर लारिसाचा जीव होता. ती फक्त इतकंच पाहत होती की या घरात दोघांनी बसून एका वाक्याची लांबी ठरवली, पाच की दहा, आणि त्या वाक्यात आपण बंद पडलेलं यंत्र घालून वर गेलेली बाई झालो.

"शनिवारी तूही चल," ओक्साना हळूच म्हणाली. "तिघं मिळून गेलेलं लोकांना दिसलं की बोलणं आपोआप थांबेल. येशील ना? माझ्यासाठी?"

टेबलावरच्या खोक्यावर बाईचं चित्र होतं, हसरं, गुडघाभर बर्फात. लारिसाला वाटलं, ही वर जाईल. हिच्यावर उतार येईल. आणि हिच्या छातीवर रेडिओ खरखरेल.

"येते," ती म्हणाली.

·

शनिवारी ऊन होतं आणि पार्किंग भरलेलं. ट्रेलरची दारं आपटत होती. कोणीतरी गाडीच्या टपावर कॉफी विसरून निघालं होतं आणि दहा जण त्याला ओरडून सांगत होते. लारिसाने नेल्सकडून त्याची जुनी मशीन मागून आणली होती. तिची स्वतःची अजून केटलमध्येच होती. कर्टने तिला पाहून हात केला, मग तिच्याबरोबर कोण आहे ते पाहिलं, आणि हात जरा जास्त वेळ वर राहिला.

फाटकापुढे रांग लागली. ग्रेडी पुढे, मध्ये ओक्साना, मागे लारिसा. त्यांच्यामागे कर्ट आणि त्याची टोळी.

नेल्सच्या यंत्राने ग्रेडीचा ठोका घेतला. फावडं, काठी. "तुला कोण काढणार?"

"माझी बायको!" ग्रेडी मोठ्याने म्हणाला. नारिंगी जाकीट उन्हात झळकत होतं. "म्हणजे, तिला मी परत हवा असलो तर!"

रांग हसली. ओक्सानानेही हसत हात वर केला. ग्रेडी पाचेक मीटर पुढे जाऊन थांबला.

ओक्सानाची मशीन झटका देऊन पुढे आली. नवखी होती, अंगठ्याखालची वेगाची कळ जोरात दाबली गेली. ठोका आला. फावडं होतं, त्यावर किमतीची चिठ्ठीसुद्धा होती. नेल्सने ती टरकन फाडून खिशात घातली.

"तुला कोण काढणार?"

ओक्सानाने तोंड उघडलं. तिच्या पुढे वाट होती, आणि वाटेच्या वर झाडांमागून केटलच्या पांढऱ्या कडा दिसत होत्या. त्या तिने यापूर्वी फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिल्या होत्या. तिने ग्रेडीच्या पाठीकडे पाहिलं, त्याच्या नावाच्या अक्षरांकडे. मग मान मागे वळवली.

"लारिसा," ती म्हणाली.

हसणं थांबलं. इंजिनं तेवढी फटफटत होती. त्या प्रश्नाचा अर्थ तिथे प्रत्येकाला कळत होता, आणि ज्याचं नाव यायला हवं होतं तो पाच मीटरवर बसला होता. कर्टने हातातला कॉफीचा पेला खाली आणला.

"अगं ओक्सा..." ग्रेडी वळून म्हणाला.

"तिला सवय आहे, म्हणून," ओक्साना घाईने म्हणाली. मान खाली.

लारिसाला वाटलं होतं की या बाबतीत आपल्याला आता नव्याने काही लागणार नाही. पण लागलं. हॉलसाठी हिने दहा मिनिटं मोजली होती. डोंगरासमोर उभी राहिल्यावर हिने बिनचूक मोजलं. नवऱ्याला गावासमोर उभं करण्यासाठी हिने बहिणीला खाली ढकललं, आणि आता स्वतःला बाहेर काढायला हिला तीच बहीण हवी होती.

"लारिसा, हात?" नेल्सने विचारलं.

तिने हात वर केला. बरगड्या ठणकल्या.

ओक्साना पुढे सरकली. लारिसाने मशीन नेल्ससमोर आणली. त्याने यंत्र तिच्या छातीकडे धरलं.

"तुला कोण काढणार?"

"मी आहे ना!" ग्रेडी ओरडला. त्याचा हात आधीच वर होता, जानेवारीतल्यासारखाच सरळ. "मेहुणीबाई, मी आहे!"

"तू मदत आणायला जाशील, ग्रेडी," लारिसा म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता, पण त्या शांततेत तो शेवटपर्यंत पोचला. ग्रेडीचा हात हवेत राहिला, मग त्याने तो गुडघ्यावर ठेवला, आणि मग कुठे ठेवावा ते त्याला समजेना.

ओक्साना मशीनवरून अर्धी उतरली होती. "माझं नाव घे, लारू," ती पुटपुटली. "मी काढीन. शपथ. मी शोधीन तुला."

"किती मिनिटं?"

ओक्सानाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

लारिसाने पुन्हा नेल्सकडे पाहिलं. "कोणी नाही," ती म्हणाली.

नेल्सने मान हलवली. नियम त्याचाच होता. "मग तू नाही जात." तो वळला. "आणि ओक्साना, तुला काढणारी वर येत नाही, तर तूही नाही. ग्रेडी, तुझी बायको खाली, म्हणजे..."

"कळलं," ग्रेडी म्हणाला. त्याने मशीन वळवली. वळताना तो रांगेतल्या एकेकाच्या अगदी जवळून गेला, पण त्याने कोणाकडे पाहिलं नाही, आणि त्यालाही कोणी हात केला नाही.

लारिसा वळणार तोच नेल्सने तिच्या हँडलवर हात ठेवला. त्याचं यंत्र अजून टिकटिकत होतं. त्याने ते रांगेला दिसेल असं वर धरलं. "चालू आहे," तो म्हणाला. "जानेवारीतही चालू होतं. मी पंचेचाळीस मीटरवरून पकडलं होतं."

कर्ट मान खाली घालून हातमोज्याचा पट्टा घट्ट करत होता. घट्टच होता तो.

हे वाक्य तिला पाच आठवड्यांपूर्वी हवं होतं. हॉलमध्ये तर फारच हवं होतं. आता ते आलं तेव्हा तिला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. ती मशीन वळवून पार्किंगकडे गेली.

ट्रेलरपाशी ओक्साना एकटीच उभी होती. ग्रेडी गाडीत बसून होता, काच वर. नवी मशीन ट्रेलरला बांधायला तिच्यावरून पट्टा टाकायचा होता, आणि तो एकट्याने आवळत नाही. दुसऱ्या बाजूला कोणीतरी धरून ओढावं लागतं. ओक्साना पट्ट्याचं एक टोक हातात घेऊन दुसऱ्या टोकाकडे पाहत होती. तिचे डोळे लाल होते.

"झालं तुझं समाधान?" ती म्हणाली.

लारिसाने दुसरं टोक उचललं, कडीतून घातलं, आणि पाय रोवून उभी राहिली.

"ओढ," ती म्हणाली.